साज

क्लीव्हलंडच्या विमानतळाला लागून आमची प्रयोगशाळा.
तिथे भिंतीवर एक ट्रेडमिल उभी चढवलीय
आणि ऑरिन हॅस्केट आडवा लटकून तिच्यावर पळतो.
हाताला, पायाला, डोक्याला दोऱ्या,
पाठ जमिनीकडे, तोंड छताकडे.
आडवा माणूस, उभा रस्ता.
तासाला एकवीस डॉलर आणि दुपारचं सँडविच.
पूर्वी पोलादाच्या कारखान्यात क्रेनवर होता.
म्हणतो, तेव्हाही टांगलेलाच होतो,
पगार तेवढा बरा होता.

माझं काम खांद्यांचं.
वर गेलेल्या माणसाला वजन उरत नाही,
म्हणून पट्ट्यांनी त्याला खाली ओढून धरायचं,
निम्मा ताण कमरेला, निम्मा खांद्यांना,
आणि म्हणायचं, पळ आता.
रोज दोनेक तास व्यायाम. नाही केला
तर हाडं आतून आवरायला घेतात,
गिऱ्हाईक येईनासं झालं की
दुकानदार आधी मागची फळी मोकळी करतो,
मग एक दिवा काढतो, तसं.
महिन्याला शंभरातलं एक, कधी दीड.
दुखत काहीच नाही.

पट्टा मात्र लागतो.
तिसऱ्या आठवड्यात वरून निरोप आला:
खांदे सोललेत, आज पट्टे ढिले करून पळालो.
ढिले म्हणजे हलके,
हलके म्हणजे न पळाल्यासारखेच.
मीटिंगमध्ये तासभर फोमच्या जाडीवर चर्चा झाली.
मी टेबलाखाली तो पट्टा स्वतःच्या मांडीला बांधून
आत दोन बोटं घालून बघत होते.

मिरजेत स्टेशनबाहेर टांग्यांची रांग असायची तेव्हा
आप्पा घोड्यांचे साज शिवायचे.
आरी, मेण लावलेला दोरा, घोंगडीच्या चिंध्या.
टांगेवाला तक्रार घेऊन आला
की त्याचं ऐकायच्या आधी
आप्पा घोड्याच्या छातीवरचे केस बघायचे:
कुठे झडलेत, कुठे पांढरे उगवलेत.
मग पट्ट्याखाली दोन बोटं.
शिरलीच नाहीत तर रक्त अडणार,
तिसरं शिरलं तर घासणार.
"जखम दाबानं होत नाही गं,
सरकण्यानं होते."

हे वाक्य मीटिंगमध्ये सांगायला उभी राहिले
आणि नुसतंच "घर्षण" म्हणून खाली बसले.
सगळ्यांना ते माहीतच होतं.
मग रात्री घरी शिवलं.
पट्ट्याच्या पोटाला लोकरीचा नमदा, तिरका कापलेला,
टाके फक्त मधोमध, कडा मोकळ्या:
पट्टा हलला तरी नमदा खांदा सोडत नाही.

ऑरिन चाळीस मिनिटं पळाला.
खाली उतरवल्यावर त्याने शर्ट काढला,
मी चष्मा वर करून जवळून बघितलं.
लाल झालं होतं. सोललं नव्हतं.
उजव्या खांद्यावर, जुन्या पट्ट्याच्या वाटेवर
चार-पाच पांढरे केस.
वयाचे असतील.
मी विचारलं नाही.

आप्पांचा धाकटा भाऊ दिवसभर चौकात बसून असायचा.
घरात त्याला म्हणत, भुईला भार.
इथे मी सतरा वर्षं
भार कृत्रिमरीत्या कसा तयार करायचा यावर काम करतेय,
आणि काका आठवले की
त्यांच्या बसण्यात मला आता एवढं काही वाईट दिसत नाही.

गेल्या मंगळवारी माझाही रिपोर्ट आला.
कमरेचे मणके, उणे दोन पूर्णांक सहा.
डॉक्टर ब्रॅनिगन म्हणाली, कामावर बसून असता का?
म्हटलं, हो, शिलाई मशीनवर.
पळणाऱ्यांसाठी शिवते.
ती हसली नाही. लिहून घेतलं तिने.

तेव्हापासून बसमधून दोन थांबे आधी उतरते.
तळ्याकडचा वारा कानात घुसतो,
फुटपाथवर मीठ टाकलेला बर्फ करकरतो.
टाच आधी टेकवायची, मुद्दाम, जोरात,
हाडांना ऐकू जाईल अशी.
खांद्यावर दहा पौंड बटाटे.
बंद सरकू लागला की दिव्याखाली थांबते,
हातमोजा काढून दोन बोटं घालून बघते,
मग पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेते.